राइआतेआ बेटावरील तापुतापुआतेआ कसे पाहावे : विदर्भातील गावाकडच्या प्रवाशांसाठी

तापुतापुआतेआ हे पॉलिनेशियन लोकांचे प्राचीन पूजास्थान प्रशांत महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियात, राइआतेआ बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर, ओपोआ या वस्तीजवळ आहे. 2017 साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. मुलगा ऑकलंडला किंवा कॅलिफोर्नियात नोकरीला आहे, त्याच्याकडे जाता-येता वाट थोडी वाकडी करून हे स्थान पाहता येईल का, अशी विचारणा आता वर्धा-यवतमाळकडच्या खेड्यांतूनही होऊ लागली आहे. पाहता येते, मात्र त्यासाठी पैसा आणि कागदपत्रे यांच्याइतकीच डोळ्यांची तयारी लागते, आणि ती बहुतेकांची झालेली नसते.

पॉलिनेशियन पूजास्थानाला मराए म्हणतात. मराए म्हणजे दगडांनी फरसबंद केलेले किंवा दगडांच्या रांगेने आखलेले, वर छप्पर नसलेले अंगण आणि त्याच्या एका टोकाला बांधलेला लांबट चौथरा. या चौथऱ्याला आहू म्हणतात. तेथे शिखर, गाभारा, सभामंडप असे काही नसते आणि आज मूर्तीही नाही. चामोर्शी तालुक्यातील मार्कंड्याची शिल्पे पाहून ज्यांची नजर घडलेली आहे, ते येथे दहा मिनिटांत परत फिरतील आणि एवढ्या लांब येऊन नुसते दगड पाहिले, अशी तक्रार करतील. मराएचे महत्त्व त्याच्या उंचीत किंवा कोरीव कामात नसून समुद्र, प्रवाळकड्यातील फट, किनारा, दगड आणि मागचा डोंगर यांच्या मांडणीत आहे. ही मांडणी क्रमाने आणि पायी फिरत कशी पाहावी, हे सांगणे हा या लेखाचा मुख्य हेतू आहे. प्रवासाची माहिती त्यासाठी आवश्यक तेवढीच दिली आहे.

निघण्यापूर्वी जुनापाणी पाहावे

ज्यात उभे बांधकाम नाही असे प्राचीन स्थान पाहण्याचा सराव आपल्याकडेच करता येतो, आणि तो अवश्य करावा असा माझा आग्रह आहे. नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यालगत जुनापाणी येथे लोहयुगातील शिळावर्तुळे आहेत. मोठमोठे धोंडे गोलाकार रचून मधोमध माती आणि खडी भरलेली ही दफनस्थळे सुमारे 300 च्या संख्येने त्या माळावर पसरलेली आहेत. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने येथे उत्खनन केले, तेव्हा लोखंडी हत्यारे आणि घोड्याच्या साजाचे अवशेष मिळाले. काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे मुद्दाम केलेले आहेत. उभ्या उन्हात ते दिसत नाहीत. सकाळी किंवा सायंकाळी तिरप्या उजेडात स्पष्ट दिसतात.

जुनापाणीची वर्तुळे आणि पॉलिनेशियातील मराए यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. काळ वेगळा, माणसे वेगळी आणि हेतूही वेगळा. तरीही एखाद्या वर्तुळाभोवती बाहेरून पूर्ण फेरी मारणे, कोणता दगड मूळ जागी आहे आणि कोणता ढळलेला आहे याचा अंदाज घेणे, दगडांमधील अंतर पावलांनी मोजणे आणि मग दूर जाऊन एक वर्तुळ दुसऱ्याच्या संदर्भात कोठे आहे ते पाहणे, एवढे एका सकाळी केले, तरी ओपोआला पोहोचल्यावर नेमके कशाकडे पाहायचे याचा गोंधळ होत नाही. कुटुंबातील मुले बरोबर येणार असतील तर त्यांना आधी येथे आणावे.

हंगाम आणि कागदपत्रे

बेटावर मे ते ऑक्टोबर हा तुलनेने कोरडा आणि सौम्य काळ असतो, तर नोव्हेंबर ते एप्रिल हा दमट आणि पावसाचा. आपल्या शेतीच्या वेळापत्रकात यातील मे महिना उत्तम बसतो. कापसाची उलंगवाडी होऊन गेलेली असते, चुकारे हातात आलेले असतात आणि मृगाच्या पेरणीला अजून अवकाश असतो. जून-जुलै पेरणी आणि डवरणीत जातो आणि ऑक्टोबरमध्ये सोयाबीन उभे असते, म्हणून शेतकरी कुटुंबाने मेच्या मध्यात जाऊन महिनाअखेरीस परतावे हे सोयीचे. आपल्याकडे पारा 45 च्या घरात असताना तेथे तो तिशीच्या आसपास असतो, त्यामुळे ऊन सोसण्याची चिंता नाही असे वाटू शकते. पण तेथील हवेत ओलावा इतका असतो की घाम वाळत नाही आणि कोरड्या उन्हाची सवय असलेला माणूस लवकर थकतो. सुती, सैल कपडे आणि डोक्याला दुपट्टा ही आपली पद्धत तेथेही उपयोगी पडते.

व्हिसाबाबत एक गोष्ट नीट समजून घ्यावी. फ्रेंच पॉलिनेशिया हा फ्रान्सचा प्रदेश असला तरी तो शेंगेन क्षेत्रात मोडत नाही, म्हणून युरोपसाठी काढलेला शेंगेन व्हिसा तेथे आपोआप चालत नाही. भारतीय पारपत्रधारकाने फ्रान्सच्या व्हिसा यंत्रणेकडेच अर्ज करायचा असतो, परंतु प्रवासाचे ठिकाण म्हणून फ्रेंच पॉलिनेशिया स्पष्ट लिहायचे आणि मिळालेल्या व्हिसावर त्या प्रदेशाचा उल्लेख आहे की नाही, हे केंद्राबाहेर पडण्यापूर्वी तपासायचे. आपल्याकडून थेट विमान नाही. नागपूरहून मुंबई किंवा दिल्ली गाठून पुढे टोकियो, ऑकलंड, लॉस एंजेलिस किंवा सॅन फ्रान्सिस्को मार्गे ताहिती बेटावरील पापेएते येथे उतरावे लागते. अमेरिकेतून जायचे असेल तर केवळ विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो. इतर देशांचे ट्रान्झिटचे नियम तिकीट काढण्यापूर्वी पाहावेत, तिकीट काढल्यानंतर नव्हे. एजंट स्वस्त तिकीट दाखवतो ते बहुधा अशाच एखाद्या वाटेचे असते.

घड्याळाचा फरक साडेपंधरा तासांचा आहे. वर्ध्यात दुपारचे 12 वाजलेले असतात तेव्हा राइआतेआवर आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. परतताना पश्चिमेच्या वाटेने, म्हणजे ऑकलंड किंवा टोकियो मार्गे आलात तर दिनांकरेषा ओलांडल्यामुळे कॅलेंडरमधील एक दिवस गळतो, म्हणून घरचे लग्न किंवा बँकेची तारीख अगदी लागून ठेवू नये.

चलन सीएफपी फ्रँक हे असून त्याचा दर युरोशी कायमचा बांधलेला आहे : 1 युरोला 119.33 फ्रँक. बेटे महाग आहेत. जवळपास सगळा माल जहाजाने येतो, आणि ते किराणा दुकानातल्या किमतींवरून लगेच कळते.

बेटावर पोहोचणे

पापेएतेहून राइआतेआचे मुख्य गाव उतुरोआ येथे जाण्यासाठी देशांतर्गत विमान पाऊण तासाच्या आसपास घेते. ताहितीत किमान एक दिवस थांबावे, कारण दोन गोष्टी तेथे आधी पाहून घेण्यासारख्या आहेत. पुनाआउइआ येथील ताहिती आणि बेटांचे संग्रहालय ही पहिली. पॉलिनेशियन देव प्रत्यक्षात कोणत्या रूपात असत, हे तेथे समजते. ओरो हा युद्धाचा देव आणि तापुतापुआतेआचे मुख्य दैवत. त्याचे प्रतीक म्हणजे नारळाच्या काथ्याने घट्ट विणून झाकलेला लाकडाचा तुकडा, ज्याला लाल पिसे जोडलेली असत. दुसरी गोष्ट म्हणजे पाएआ येथील आराहुराहू हे मराए. 1954 साली त्याची पुनर्बांधणी झाली असल्यामुळे ते नेटके आणि पूर्ण दिसते, नवख्याला अंगण आणि आहू यांचा आराखडा एका दृष्टिक्षेपात कळतो. मला स्वतःला ते थोडे जास्तच नीटस वाटते. पण शिकण्यासाठी ते चांगले आहे.

याच बेटावर पापारा येथे माहाइआतेआ नावाचे एक अवाढव्य मराए होते. इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकने 1769 मध्ये त्याचे माप घेतले तेव्हा तो पायऱ्यापायऱ्यांचा चौथरा 267 फूट लांब आणि 44 फूट उंच भरला. पुढे एकोणिसाव्या शतकात पुलासाठी त्याचे दगड नेले गेले आणि आता तेथे ढिगाऱ्यापलीकडे फारसे उरलेले नाही. आपल्याकडच्या गढ्यांची माती आणि चिरे कोठे गेले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

उतुरोआहून ओपोआ रस्त्याने 35 किलोमीटरच्या आसपास आहे. रस्ता पूर्व किनाऱ्याने जातो आणि फाआरोआ नावाच्या खोल उपसागराला वळसा घालतो. एसटीसारखी ठरावीक वेळांची सोय धरून चालू नये. गाडी भाड्याने घ्यावी, निवासाच्या मालकाकडून सोय करून घ्यावी किंवा बोटीने नेणारी सहल घ्यावी. स्वतः चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या जिल्ह्याच्या आरटीओतून आधीच काढून न्यावा. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग डावीकडे असते. मोकळ्या रस्त्यावर याचा त्रास होत नाही. पण वळून पुन्हा मुख्य रस्त्याला लागताना हात सवयीने डावीकडे ओढतो, तेथे शेजारी बसलेल्याने मोठ्याने आठवण करून द्यावी.

बोटीने गेल्यास खर्च वाढतो, तरीही शक्य असेल त्याने निदान एका बाजूने बोटीनेच जावे, असे मी सुचवीन. हे स्थान बांधणाऱ्यांनी ते समुद्रावरून येणाऱ्या माणसासाठी बांधले होते. रस्त्याने येणारा त्याच्या मागच्या अंगाने शिरतो.

प्रत्यक्ष पाहणी

सकाळी लवकर पोहोचावे. किनारा पूर्वेकडचा असल्यामुळे सूर्य खाडीवरून उगवतो आणि पहिले दोन-तीन तास उजेड तिरपा असतो. येथे दक्षिण गोलार्धाची एक गंमत लक्षात ठेवावी लागते. मेच्या अखेरीस विदर्भात सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि नागपुरात शून्य सावलीचा दिवस असतो, त्याच दिवसांत राइआतेआवर माध्यान्हीचा सूर्य उत्तरेला कललेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. सावलीवरून दिशा ओळखण्याची सवय असलेला शेतकरी येथे हमखास फसतो, म्हणून होकायंत्र किंवा मोबाइल जवळ ठेवावा. दिवसही लहान असतो आणि सायंकाळी पावणेसहाच्या आसपास सूर्य मावळतो.

आल्या आल्या दगडांकडे जाऊ नये. आधी पाण्याच्या काठावर जाऊन समुद्राकडे तोंड करून उभे राहावे. समोर उथळ, हिरवट-निळे पाणी असते, त्यापलीकडे प्रवाळाच्या कड्यावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ, आणि त्या रेघेत एके ठिकाणी खंड. हा खंड म्हणजे ‘ते आवा मोआ’ या नावाची पवित्र खिंड होय. दूरदूरच्या बेटांवरून येणाऱ्या जोडनावा याच खिंडीतून आत येत. युनेस्कोच्या यादीत केवळ दगडी मराए नाहीत. मागच्या दोन जंगली दऱ्या, खाडीचा भाग, प्रवाळकडा आणि त्यापलीकडची खुल्या समुद्राची पट्टी, असे 2,124 हेक्टरचे सगळे क्षेत्र एकत्र धरले आहे, आणि असे का हे या काठावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. पॉलिनेशियाचा त्रिकोण उत्तरेला हवाई, आग्नेयेला रापा नुई म्हणजे ईस्टर बेट आणि नैर्ऋत्येला न्यूझीलंड या तीन टोकांमध्ये पसरलेला असून राइआतेआ त्याच्या मध्याजवळ येते. या बेटाचे जुने नाव हावाइई होते.

आता मागे वळावे. आपण माताहिरा या भूशिरावर आहोत आणि येथे एक नव्हे तर अनेक मराए आहेत. काठाजवळचे हाउविरी आधी पाहावे. त्यातील एक उभा दगड 2 मीटरहून बराच उंच असून इतर सगळ्यांत उठून दिसतो. नव्या सरदाराचा अधिकारविधी या दगडापाशी होत असे आणि त्याला लाल पिसांचा कमरपट्टा बांधला जात असे. या सरदारांना आरिई म्हणत. येथून समुद्राकडे आणि खिंडीकडे पुन्हा एकदा पाहावे, म्हणजे अधिकार कोणासमोर घेतला जात होता हे ध्यानात येईल.

तेथून तापुतापुआतेआ या मुख्य मराएकडे जावे. त्याचे अंगण काळ्या ज्वालामुखी दगडांनी फरसबंद आहे. त्या दगडाची जात आपल्याला ओळखीची आहे, कारण आपल्या काळ्या मातीखाली असतो तोच हा बेसाल्ट. अंगणात ठिकठिकाणी कमरेइतके किंवा त्याहून लहान दगड उभे रोवलेले दिसतात. आरिई आणि पुरोहित यांची ती मानाची आसने होत. बैठकीत तक्क्याला टेकावे तसे ते या दगडांना पाठ टेकून बसत. कोणता दगड कोणाचा हे ठरलेले असे, त्यामुळे कोणी कोठे बसायचे यावरून वाद उद्भवत नसत, किंवा उद्भवलेच तर ते फार मोठे असत.

अंगणाच्या टोकाचा आहू 40 मीटरहून अधिक लांब आहे. तो जवळून पाहावा, हात न लावता, पण नाक दगडापासून हातभर अंतरावर येईल इतका जवळून. बाहेरची भिंत म्हणजे प्रवाळाचे उभे केलेले प्रचंड पाट आहेत, काही माणसापेक्षा उंच. लांबून ते करड्या रंगाचे साधे दगड दिसतात. जवळ गेल्यावर पृष्ठभागावर बारीक छिद्रांची जाळी दिसू लागते, काही ठिकाणी चांदणीच्या आकाराचे नखाएवढे खळगे ओळीने मांडलेले दिसतात. ही मेलेल्या प्रवाळजीवांची घरे. त्यांवर पांढरट आणि पिवळसर दगडफूल पसरलेले असते आणि पाटांच्या सांध्यांत गवताची मुळे शिरलेली असतात. म्हणजे डोंगराचा दगड अंगणाला आणि समुद्राचा दगड देवाच्या चौथऱ्याला, असे येथील बांधकामाचे साहित्य आहे. पाटांच्या आतील भाग दगडगोट्यांनी भरलेला आहे.

जे दिसते ते सगळे मूळ स्थितीत नाही, याचेही भान असावे. ब्रिटिश मिशनरी 1797 मध्ये ताहितीत आले, पुढच्या दोन दशकांत सरदारांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि मराए ओस पडले. 1960 च्या दशकाच्या अखेरीस होनोलुलूच्या बिशप संग्रहालयाचे पुरातत्त्वज्ञ योशिहिको सिनोतो यांच्या देखरेखीखाली पडलेले पाट पुन्हा उभे करण्यात आले, आणि 1990 च्या दशकात पुन्हा डागडुजी झाली. फरसबंदीचा एकसारखेपणा काही अंशी या कामाचा आहे. पूर्वी येथे लाकडी फळ्या, देवघरे आणि ढोल होते. 1769 च्या जुलैमध्ये कुकचे एंडेव्हर जहाज ओपोआला आले तेव्हा त्याच्या लोकांनी हे सगळे पाहिले. त्यांच्याबरोबर तुपाइआ हा याच बेटावरचा पुरोहित आणि नाविक होता. त्याने तयार केलेल्या नकाशात 70 हून अधिक बेटे आहेत. त्याचे पुढच्याच वर्षी बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, निधन झाले.

ओरोला येथे नरबळी दिले जात, हे खरे आहे आणि माहितीतही ते येते. मात्र स्थानिक माणसाशी बोलताना संभाषणाची सुरुवात तेथून करू नये. आपल्याकडे आलेल्या परदेशी पाहुण्याने पहिलाच प्रश्न सतीबद्दल विचारला, तर आपल्याला जे वाटते तेच त्यांना वाटते. नावा, तारे पाहून केलेला प्रवास, कोणत्या कुळाचे मराए कोणते, हे विषय काढावेत. त्यावर माणसे मनमोकळी बोलतात. ओपोआतील लोकांनी ‘ना पापा ए वाउ’ ही संस्था उभी करून जागतिक वारशासाठी वर्षानुवर्षे प्रयत्न केले. वस्तीतील माणूस वाटाड्या म्हणून मिळाला तर तो घ्यावा आणि त्याचे पैसे आनंदाने द्यावेत. फ्रेंच आणि ताहितियन या येथील भाषा आहेत, इंग्रजी सगळ्यांना येतेच असे नाही. भेटल्यावर इओराना आणि निरोप घेताना माउरूरू म्हणजे आभार, एवढे दोन शब्द तोंडपाठ करून गेले तरी चालते.

शेवटी झाडे पाहावीत. मराएभोवती मिरो, आइतो आणि तामानू ही झाडे राखली जात. यातले मिरो म्हणजे आपला परसपिंपळ, आइतो म्हणजे सुरू आणि तामानू म्हणजे कोकणातील उंडी. आपल्याकडचा गावाबाहेरच्या देवराईत वाढलेला माणूस या झाडांखाली दगडांपेक्षा जास्त वेळ रमेल, आणि त्यात काही गैर नाही. या सगळ्या फेरीला घाई न करता अर्धा दिवस लागतो.

तेथे काय करू नये

आपल्या गावाकडे धुऱ्यावरचा एखादा उभा दगडही शेंदूर लावल्याशिवाय राहत नाही, आणि श्रद्धेने हात जोडले की हळदकुंकू वाहावेसे वाटते. तापुतापुआतेआत यांतले काहीही करू नये. कुंकू, शेंदूर, तेल, उदबत्ती, नाणी, फोडलेला नारळ यांपैकी काहीही दगडावर पडता कामा नये, कारण प्रवाळाचा दगड सच्छिद्र असतो आणि रंग किंवा तेल त्यात मुरले की निघत नाही. हात जोडावेत, एवढे पुरे. चपला काढण्याचा नियम नाही.

आहूवर चढू नये, फरसबंद अंगणात पाय ठेवू नये, उभ्या दगडांना टेकू नये आणि मुलांना त्यांवर बसवून छायाचित्र काढू नये. अंगणाच्या कडेने बाहेरून फिरता येते आणि सगळे दिसते. आहूच्या पायथ्याशी कधी पानांत गुंडाळलेले काही, शिंपल्यांची माळ किंवा लहान गोटा ठेवलेला दिसेल. हवाई, न्यूझीलंड किंवा कुक बेटांवरून आलेल्या माणसांनी ती आपल्या पूर्वजांसाठी ठेवलेली भेट असते. तिला हात लावू नये. 1995 मध्ये अनेक बेटांच्या नावा पूर्वीप्रमाणे समुद्रमार्गे येथे एकत्र आल्या होत्या, आणि जुन्या काळी झालेल्या एका हत्येमुळे या मार्गावर पडलेले बंधन त्या वेळी विधिपूर्वक उठवण्यात आले, असे तेथील लोक सांगतात. म्हणजे हे स्थान आजही उपयोगात आहे. विधी चालू असेल तर दूर थांबावे, छायाचित्रासाठी आधी विचारावे आणि ड्रोन तर विचारल्याशिवाय उडवूच नये.

दगड उचलून आणण्याबाबत वेगळे सांगावे लागते. नवे मराए स्थापन करताना तापुतापुआतेआचा एक दगड नेऊन तेथे बसवण्याची प्राचीन प्रथा होती, आणि त्यामुळेच ताहिती, मोओरेआ, रारोतोंगा अशा इतर बेटांवरही याच नावाची मराए आढळतात. दगड नेणे हा येथे सर्वोच्च अधिकाराचा विधी होता. नर्मदेचा गोटा आणावा तसा खिशात टाकलेला खडा तेथील माणसाच्या नजरेत चोरीपेक्षा मोठा अपराध ठरतो.

अंगावरचे कपडे नेहमीचे, नीटनेटके असावेत. पोहण्याच्या कपड्यांत मराएजवळ जाऊ नये. पाण्यात उतरायचेच असेल तर प्लास्टिकचे बूट घालावेत, कारण उथळ पाण्यात दगडासारखा दिसणारा विषारी काट्यांचा मासा असतो. नारळाच्या झाडाखाली सावली पाहून बसू नये. विदर्भातल्या माणसाला वरून फळ पडण्याची भीती ठाऊक नसते, आणि येथे खाली पडलेले नारळ सगळीकडे दिसत असूनही लोक नेमके तेथेच डबा उघडतात.

खाणे, डास आणि परतीचे सामान

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, पण भाजी-भाकरीची आशा सोडावी लागते. विलायती फणस, अळूचे कंद, केळी, पपई, नारळ, फ्रेंच पाव आणि भात मिळतो. मासा जवळपास प्रत्येक ताटात असतो, म्हणून निवास ठरवतानाच आपण काय खात नाही हे लेखी कळवावे. जेवणाचा डबा आणि पाणी उतुरोआतूनच न्यावे, पैसेही तेथेच काढून घ्यावेत. रविवारी लोक सकाळी चर्चमध्ये असतात आणि दुकाने बहुतेक बंद असतात, तेव्हा किराणा शनिवारी भरावा. बियाणे, ताजी फळे, भाजीपाला, रोपे आणि फुले आपल्याकडून नेण्यास बंदी आहे. बॅगेत तुरीचे किंवा कापसाचे बी चुकूनही राहू देऊ नये. शेतकऱ्याच्या जुन्या पिशवीच्या तळाशी ते हमखास सापडते, म्हणून पिशवी नवी घ्यावी किंवा उलटी करून झटकावी.

डासांचा बंदोबस्त गांभीर्याने करावा. बेटांवर डेंग्यूच्या साथी येतात, आणि आपल्या पूर्व विदर्भाला चांगलाच परिचित असलेला हत्तीरोगही तेथे आहे. फरक असा की आपल्याकडे तो पसरवणारा डास रात्री चावतो आणि तेथील दिवसा, नेमका झाडांच्या सावलीत. म्हणजे मच्छरदाणी पुरत नाही. पूर्ण बाह्या, पायघोळ कपडे आणि अंगाला लावायचे मलम सकाळपासूनच हवे. उतुरोआत रुग्णालय आहे, तरी नेहमीची औषधे चिठ्ठीसह पुरेशी न्यावीत आणि प्रवास विमा काढावा.

वेळ उरला तर तेमेहानी पठारावर वाटाड्याबरोबर जाता येते. तिआरे आपेताही हे एकाच बाजूला पाकळ्या असलेले, अर्धे वाटणारे पांढरे फूल फक्त याच पठारावर उगवते. ते अत्यंत दुर्मिळ झालेले असून तोडण्यास मनाई आहे. आठवण म्हणून मोती किंवा विणलेली चटई दुकानातून पावतीसह घ्यावी. किनाऱ्यावर पडलेले प्रवाळाचे तुकडे मात्र उचलू नयेत, कारण मेलेले असले तरी त्यांच्या ने-आणीवर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत आणि परतीच्या विमानतळावर ते काढून घेतले जाऊ शकतात.